नव्या रस्त्याचे नाव सातबाऱ्यात शोधा

शहराच्या कडेला नवा रस्ता आखला जातो, तेव्हा त्याचे नाव हा सगळ्यात शेवटी निघणारा विषय असतो. मंजूर नकाशावर त्या पट्टीत फक्त रुंदी लिहिलेली असते : ९ मीटर, १२ मीटर, १८ मीटर. इमारती उभ्या राहतात, माणसे राहायला येतात, सिलिंडरवाला आणि कुरिअरवाला वाट विचारू लागतात, आणि हाताशी असेल ते नाव रस्त्याला चिकटते. पुण्यात कितीतरी भागांत नुसता ‘डीपी रोड’ आहे. धारावीत साठ फुटी आणि नव्वद फुटी रस्ता आहे, घाटकोपरलाही नव्वद फुटी आहे. पुढे कधीतरी एखादा नगरसेवक प्रस्ताव मांडतो, तो समितीतून महासभेत जातो, फलकाचे अनावरण होते. पण तोवर लोकांच्या तोंडी दुसरेच काही रुळलेले असते. रुळलेले नाव किती चिवट असते हे मुंबईत दिसते. पेडर रोड डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग झाला, वॉर्डन रोड भुलाभाई देसाई मार्ग झाला, तरी टॅक्सीवाल्याला लोक जुनेच नाव सांगतात. नाव आधी यायला हवे, माणसे नंतर. म्हणूनच वसाहतीचा नकाशा मंजूर होतानाच रस्त्याच्या नावाचा अर्ज आणि निर्णय व्हायला हवा, आणि ते नाव शक्यतो त्या जमिनीच्याच कागदपत्रांतून घ्यायला हवे.

इंग्लंडमध्ये क्रम असाच आहे. १९२५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातले कलम १७ जिथे लागू आहे, तिथे रस्त्याला नाव देऊ पाहणाऱ्याने आधी ते स्थानिक परिषदेला लेखी कळवायचे असते. परिषदेला हरकत घ्यायला एक महिना मिळतो आणि त्या मुदतीत नावाची पाटी लावणे बेकायदा ठरते. हरकत मान्य नसेल तर अर्जदाराला दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात दाद मागता येते. व्यवहारात हा अर्ज बहुधा घरे बांधणारी कंपनी करते. बऱ्याच परिषदा गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलचे मत घेतात, जवळपास तेच किंवा तशाच उच्चाराचे नाव असेल तर नकार देतात, हयात व्यक्तीचे नाव सहसा स्वीकारत नाहीत आणि जागेच्या इतिहासाशी नाते असलेले नाव मागतात. नाव आणि घरक्रमांक ठरले की ते टपाल खात्याला आणि आपत्कालीन सेवांना कळवले जातात. ही तरतूद आरोग्याच्या कायद्यात आहे, हे मला फार मोलाचे वाटते. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेला घर सापडणे ही पाणी आणि सांडपाण्याच्या जोडीची नागरी सोय आहे. सन्मान, स्मारक, अस्मिता हे सगळे त्यानंतर.

आपल्याकडे नावांचा साठा सरकारी दप्तरातच पडून आहे. सातबाऱ्यावर गट क्रमांक आणि क्षेत्र यांच्या जोडीला ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. पुष्कळ उताऱ्यांत तो कोरा असतो, पण भरलेला असेल तिथे ती जमीन पिढ्यान् पिढ्या कशी ओळखली गेली ते कळते : कुठे मळा, कुठे माळ, कुठे पाणथळ, कुठे एखाद्या झाडाच्या नावाने ओळखले जाणारे शेत. जमीन बिगरशेती झाली, प्लॉट पडले, मिळकत पत्रिका निघाल्या की हा रकाना मागे राहतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेण्यात आली. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी इथे हे स्थित्यंतर आपल्या डोळ्यांदेखत चालले आहे आणि ही नावे ठाऊक असलेली माणसे अजून तिथे आहेत. यात निव्वळ जुन्याची हौस नाही. मुंबईचा धोबी तलाव आणि गोवालिया टँक केव्हाच बुजवले गेले. तिथे पाणी होते याची आठवण आज नावानेच टिकवली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुण्यात माणसे दगावली, घरे गेली. रस्त्याच्या नावाने पूर अडत नाही, हे खरेच. पण घर घेणाऱ्याच्या पत्त्यातच ओढा किंवा पाणथळ असेल, तर तो बिल्डरला एक प्रश्न जास्त विचारेल.

यावर पहिला आक्षेप असा की, थोरांची नावे मग द्यायची कुठे? जरूर द्यावीत, पण एका शहरात एका व्यक्तीचे एकच आणि मोठे स्थान असावे. तेच नाव चार उपनगरांतल्या चार गल्ल्यांना दिले की मान वाढत नाही, पत्ता मात्र चुकतो. त्याच भूमीत काम केलेल्या दिवंगत शिक्षकाचे किंवा सुईणीचे नाव मात्र मी आनंदाने स्वीकारेन, कारण ते तिथलेच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जुनी नावे जातीचे डाग घेऊन येतात. ते खरे आहे, आणि अशी नावे मुळीच नकोत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. कोणते नाव माणसाला कमी लेखते हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारावे लागते, आणि हरकतींचा महिना त्यासाठीच हवा. उरला मोबाइलवरच्या नकाशाचा मुद्दा. लोकेशन पाठवले की काम भागते, असे म्हणणाऱ्याला फोनची बॅटरी संपलेली आजी आठवत नाही. शिवाय त्या नकाशालाही नाव कोणीतरी पुरवावेच लागते.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नव्या वसाहतीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन संबंधित गटांचे जुने सातबारे काढावेत, गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांना विचारून कोरे रकाने भरून घ्यावेत, शहरात तेच नाव आणखी कुठे नाही ना हे पाहावे, आणि मंजूर नकाशाची प्रत जोडून क्षेत्रीय कार्यालयात आणि नगरसेवकाकडे लेखी अर्ज द्यावा. पोचपावती घ्यायला विसरू नये. हे सगळे पहिल्या घराचा ताबा मिळण्याआधी झाले तर उत्तम, कारण वीजबिलावर आणि आधार कार्डावर एकदा ‘नवीन डीपी रोड’ छापून आले की, ते बदलायला प्रत्येक घराला वेगळे हेलपाटे घालावे लागतात.