गिट्टीच्या ढिगातलं ‘सोनं’

रायपुरात तुमच्या गल्लीत कुणाचं बांधकाम सुरू आहे का? असेल तर उन्हं तिरपी झाल्यावर गिट्टीच्या ढिगाजवळ जरा थांबा. काळपट-करड्या दगडात मधेच पिवळा, धातूसारखा ठिपका चमकतोय का बघा. दिसला तर ते पायराइट असू शकतं. लोखंड आणि गंधकाचं हे खनिज. लोक त्याला ‘मूर्खांचं सोनं’ म्हणतात.

खात्री करायला सोनाराकडे जायची गरज नाही. चहाचा कप उलटा करा. तळाच्या कडेला चकाकी नसलेला खरखरीत भाग असतो, त्यावर दगड घासा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळीच. चाकूचं टोक लावून बघा. सोनं मऊ, त्यावर लगेच ओरखडा उठतो. पायराइट दाद देत नाही. आणि नखानं पापुद्रा सुटला, तर तो अभ्रक! (मुलं इथे हमखास हिरमुसतात.) नशीब असेल तर भिंगातून इवलेसे चौकोनी ठोकळे दिसतील. ते कुणी घडवलेले नसतात, खनिजाचे स्फटिकच तसे वाढतात.

आता तुम्ही म्हणाल, गिट्टी कशाला, सरळ सोनाखानलाच जाऊ की! बलौदाबाजार जिल्ह्यातलं हे गाव वीर नारायण सिंह यांचं. इंग्रजांनी त्यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात मृत्युदंड दिला. गावाच्या नावातलं सोनं खोटं नाही. इथल्या प्राचीन खडकांत, गारगोटीच्या शिरांमध्ये, पायराइटसारख्या खनिजांच्या सोबतीनं खरं सोनं आहे. सोन्याच्या खाणपट्ट्याचा देशातला पहिला लिलाव २०१६ मध्ये झाला, तो इथल्याच बाघमारा पट्ट्याचा. म्हणजे ‘मूर्खांचं सोनं’ कधी कधी खऱ्या सोन्याचा पत्ताही सांगतं.

तिकडे जरूर जा, पण पिशवी रिकामीच परत आणा. अमेरिकेत बऱ्याच सरकारी मोकळ्या जमिनींवर हौशी माणसाला थोडे दगड नेता येतात. आपल्याकडे तशी सरसकट मोकळीक नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात दगड आणि खनिजं हीसुद्धा वनोपज धरली आहेत. राखीव जंगलातून ती परवानगीशिवाय उचलणं गुन्हा आहे. जवळच्या बारनवापारा अभयारण्यात तर नियम आणखी कडक. तिथे फोटो काढा, तेवढं पुरे.

बंद पडलेल्या खदानींकडे मुलांना नेऊच नका. कडा ढासळतात, पावसाचं पाणी भरतं आणि खोली कळत नाही. म्हणूनच मला दारातला ढीग बरा वाटतो. तो कुणीतरी पैसे देऊन आणलेला असतो. घरमालकाला विचारा, एवढ्याशा दगडाला कोण नाही म्हणेल? फक्त ढिगावर चढू नका आणि दगड फोडायचाच असेल तर डोळ्यांवर चष्मा हवा.

घरी आणल्यावर चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहा. दगड धुतलात तर पूर्ण वाळवा. पायराइटला ओल सोसत नाही. हवा आणि दमटपणानं त्यावर पांढरट-पिवळी भुकटी धरते, सोबत आम्ल तयार होतं आणि ते चिठ्ठी, खोका सगळं खातं. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी मिळते ना, ती फेकू नका. झाकणाच्या डबीत दगडासोबत ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. पावसाळ्यात अधूनमधून डबी उघडून बघा. एखाद्या दगडावर भुकटी दिसलीच, तर तो लगेच बाकीच्यांपासून वेगळा काढा.