मुद्देमाल मुका असतो

माणूस खोटे बोलेल, पण कोर्टात मांडलेला मुद्देमाल खोटे बोलणार नाही, असा आपला समज असतो. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ने या समजाची फार पूर्वीच झडती घेतली आहे.

चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. भर न्यायसभेत त्याचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून तिचे दागिने खाली पडतात. बागेत एका स्त्रीच्या प्रेताचे अवशेषही आढळतात. दागिने तिचेच, पण चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत ते तिनेच घातले होते आणि मैत्रेय ते परत करायला निघाला होता. अवशेष तर दुसऱ्याच बाईचे! पुरावा खरा, निकाल मात्र चुकीचा. वसंतसेना जिवंत वधस्थानी पोचली म्हणून चारुदत्त वाचला.

युनियनच्या कामात मी असेच एक प्रकरण पाहिले. कारखान्याच्या दरवाज्यावर एका कामगाराच्या डब्यात पितळी वायसर सापडला. तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. डबा दिवसभर कुठे होता, त्याला कोणाचे हात लागले, हे चौकशीत कोणी विचारलेच नाही. त्याच्यासाठी कोणी वसंतसेना धावून आली नाही.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या मंडळींना माझे एवढेच सांगणे: वस्तू दाखवली, की ती तिथे आली कशी, हे आधी विचारा.