हरित इमारतींचे विणकाम खाते

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे. पण तिथे तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला दार बंद! बंद करणारा केवळ मालक नव्हता, शेजारचा कामगारही होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रेटला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला.

आज ‘ग्रीन बिल्डिंग’चा बोलबाला आहे. तिथले कामही वेगळे. विटांच्या भिंतीत मसाल्याचा थर सेंटिमीटरभर चालतो; हलक्या एएसी ब्लॉकला तो तीन-चार मिलिमीटरचाच लागतो. वापरलेल्या पाण्याची नळजोडणी वेगळी, छतावर सौर पॅनेल. हे शिकलेल्याला मिस्त्रीचा भाव मिळेल, न शिकलेला घमेलेच वाहील. नाक्यावर सकाळी उभे राहणारे आपले लोक, त्यातही बाया, कोणत्या बाजूला राहणार? बाईचे घमेले तर आयुष्यभर डोक्यावरून उतरत नाही.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर आला, २०११ मध्ये महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ झाले. त्या पैशातून भांडीकुंडी वाटली की मतांचीही सोय होते. हुनर वाटण्यात पुढाऱ्याला तेवढा रस नसतो.

संघटनांनी आता प्रशिक्षणच मागावे. ते साइटवर, मराठीतून, बुडालेल्या रोजाच्या भरपाईसह असावे. दहावीच्या दाखल्याची अट घातली, तर नाक्यावरचा माणूस पुन्हा खात्याबाहेरच.