डोळ्यातला कोन

कोन म्हटले की कंपासपेटी आठवते. पण कोन डोळ्यातही असतो. डोळ्याचा पारदर्शक पडदा आणि त्यामागचा रंगीत पडदा जिथे मिळतात, त्या कोनातून डोळ्यातले पाणी झिरपून बाहेर जाते. ग्रीक भाषेत कोनाला ‘गोनिया’ म्हणतात, म्हणून त्याची तपासणी ‘गोनिओस्कोपी’.

काहींचा कोन अरुंद असतो. वयानुसार भिंग जाड होऊन तो आणखी आवळतो. अचानक बंद झाला, की एरवी १० ते २१ असणारा डोळ्याचा दाब चाळिशीपार जातो. हा काचबिंदूचा झटका. डोळा लाल, असह्य वेदना, दिव्याभोवती रंगीत वलये, उलट्या! पित्त समजून गोळीवर रात्र काढू नका. मेयो, मेडिकल, जे जवळ असेल ते गाठा. गेलेली नजर परत येत नाही.