क्रीडा प्रमाणपत्र गैरव्यवहार

क्रीडा प्रमाणपत्र गैरव्यवहार म्हणजे खेळातील सहभागाचे किंवा प्रावीण्याचे खोटे अथवा नियमबाह्य प्रमाणपत्र वापरून शिक्षणात वा नोकरीत सवलत मिळवणे. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः शासकीय नोकऱ्यांमधील खेळाडूंच्या आरक्षणासंदर्भात पुढे आला. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या भरतीवरून झालेले घोटाळे याच जातकुळीचे मानता येतात. फरक इतकाच की तेथे खेळाडू खरा असतो आणि त्याची पात्रता खोटी ठरते; महाराष्ट्रात उघडकीस आलेल्या प्रकरणांत बहुधा खेळाडूच खोटा असतो.

पार्श्वभूमी

राज्य शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी शासकीय व निमशासकीय सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण लागू केले. १ जुलै २०१६ रोजी या धोरणाची सुधारित नियमावली आली. कोणत्या गटाच्या पदासाठी कोणत्या पातळीवरील स्पर्धेतील कामगिरी ग्राह्य धरायची, हे तीत ठरवून दिले आहे. उमेदवाराचे प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. दहावी व बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे वाढीव गुणही अशाच प्रमाणपत्रांवर अवलंबून असतात.

समांतर आरक्षणातील जागेसाठी पात्र खेळाडू न मिळाल्यास ती जागा त्याच सामाजिक प्रवर्गातील इतर उमेदवाराकडे जाते. त्यामुळे बनावट प्रमाणपत्रावर नोकरी मिळवणारा एखाद्या खऱ्या खेळाडूची तरी जागा घेतो, नाहीतर खेळाशी संबंध नसलेल्या सामान्य उमेदवाराची. पोलीस शिपाई भरतीसारख्या परीक्षांत एकेका गुणाने निवड हुकते, हे लक्षात घेतले म्हणजे या कागदाचे मोल कळते.

सोलापूर जिल्ह्यातील खेळाडूचा मार्ग उदाहरणादाखल पाहता येईल. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या क्रमाने होतात. क्रीडा खात्याच्या रचनेत सोलापूर पुणे विभागात मोडते, त्यामुळे पडताळणीसाठी प्रकरण पुण्याच्या उपसंचालक कार्यालयाकडे जाते. महाविद्यालयीन खेळाडू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात आणि तेथून पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत पोहोचतो. शिवाजी विद्यापीठातून वेगळे होऊन २००४ साली स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ (आताचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) एकाच जिल्ह्यापुरते आहे. साहजिकच संघनिवडीतील स्पर्धक कमी असतात, आणि निवडीच्या नोंदी नीट राखण्याची गरज तितकीच वाढते.

गैरव्यवहाराचे प्रकार

सर्वांत ढोबळ प्रकार म्हणजे संपूर्ण बनावट कागद. तो पकडणे तुलनेने सोपे असते, कारण स्पर्धेच्या मूळ नोंदींत ते नाव सापडत नाही. स्पर्धा झालीच नाही किंवा नाममात्र संघ जमवून उरकली, परंतु प्रमाणपत्रांवरील शिक्के व सह्या खऱ्या आहेत, असा प्रकार पडताळणाऱ्यालाही चकवतो.

सांघिक खेळांत आणखी एक वाट असते. बास्केटबॉलच्या संघात १२ खेळाडू असतात आणि मैदानात एका वेळी ५ उतरतात. संघ पदक जिंकला तर एक मिनिटही न खेळलेल्या बाराव्या खेळाडूच्या हाती तेच प्रमाणपत्र पडते. राखीव खेळाडूला ते मिळणे योग्यच आहे. पण त्यामुळे संघाच्या यादीतील शेवटच्या जागेला बाजारभाव येऊ शकतो. धावण्याच्या शर्यतीत अशी जागा नसते.

वयचोरी हा निराळा, पण जवळचा प्रकार. त्याला आळा घालण्यासाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता जारी केली.

समांतर संघटनांमुळेही घोळ होतो. एकाच खेळाच्या दोन संघटना स्वतःला अधिकृत म्हणवू लागल्या की कोणाचे प्रमाणपत्र ग्राह्य, हा प्रश्न खेळाडूच्या माथी येतो. भारतीय बास्केटबॉल महासंघात २०१५ साली के. गोविंदराज व पूनम महाजन यांच्या गटांत असाच अध्यक्षपदाचा वाद झाला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने गोविंदराज गटाला मान्यता दिली.

ट्रॅम्पोलिन प्रकरण

राज्यात सर्वाधिक गाजलेले प्रकरण ट्रॅम्पोलिन व टंबलिंग या खेळांचे आहे. या खेळांच्या संशयास्पद प्रमाणपत्रांवर अनेकांनी शासकीय नोकऱ्या मिळवल्याचे उघड झाले, आधी दिलेले पडताळणी अहवाल रद्द करण्यात आले आणि गुन्हेही दाखल झाले. तपासाचा धागा क्रीडा खात्याच्या कार्यालयांपर्यंत गेला. २०२२ मध्ये क्रीडा विभागाने बनावट प्रमाणपत्रधारकांना ती स्वतःहून परत करण्याची मुदतही दिली.

खेळाची निवड सूचक आहे. ट्रॅम्पोलिन हा जिम्नॅस्टिक्सचा प्रकार २००० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, म्हणून कागदावर त्याला वजन येते. मात्र राज्यातील बहुतेक तालुक्यांत त्याचे साधन कोणी पाहिलेलेही नसते. कबड्डी किंवा खो-खोचा खोटा राज्यविजेता गावात लगेच ओळखू येतो, कारण संघातले इतर अकरा जण जवळपासच राहत असतात.

अमेरिकेतील भरती घोटाळे

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल हा मोठा व्यवसाय आहे, पण खेळाडूंना दीर्घकाळ हौशी मानले गेले. शिष्यवृत्तीखेरीज मोबदला घेण्यास त्यांना मनाई होती. १९५० मध्ये दोन्ही प्रमुख राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू पुढच्याच वर्षी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणफरक कमी राखल्याच्या आरोपांत अडकले.

२६ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झालेल्या प्रकरणात चार साहाय्यक प्रशिक्षकांसह १० जणांवर आरोप ठेवले गेले. बूट व क्रीडासाहित्य बनवणाऱ्या आदिदास कंपनीचा अधिकारी जेम्स गॅटो व त्याच्या साथीदारांनी एका उदयोन्मुख खेळाडूने लुईव्हिल विद्यापीठ निवडावे म्हणून त्याच्या कुटुंबाला १ लाख डॉलर देण्याचे ठरवले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिघे दोषी ठरले. खटल्यातील युक्तिवाद महाराष्ट्राच्या संदर्भात उद्बोधक आहे: खेळाडू नियमानुसार पात्र असल्याची खोटी ग्वाही विद्यापीठाला मिळाली आणि त्यावर विसंबून शिष्यवृत्ती दिली गेली, म्हणून विद्यापीठाची फसवणूक झाली. म्हणजे तेथेही गुन्ह्याच्या मुळाशी एक खोटे पात्रतापत्रच होते. पुढे नियमच बदलले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली, तर २०२५ पासून विद्यापीठांना त्यांना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली.

महाराष्ट्रातील प्रकरणांशी अधिक जुळणारे अमेरिकी उदाहरण मात्र बास्केटबॉलच्या बाहेरचे आहे. मार्च २०१९ मध्ये विल्यम सिंगर या प्रवेश सल्लागाराचा व्यवहार उघड झाला. श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन तो त्यांच्या मुलांना वॉटरपोलो, नौकानयन अशा खेळांतील खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळवून देत असे. त्यांतील काहींनी तो खेळ कधी खेळलाच नव्हता. त्यांची छायाचित्रेदेखील फेरफार करून बनवलेली होती. लाच घेणारे काही प्रशिक्षकही यात दोषी ठरले. जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.