पेज चमच्यावर टिकते का?

म्हसळ्यात वरकस उतारांवर नाचणी होते, खाली भात पिकतो आणि खाडीची मासळी दारात येते. बाळाच्या पहिल्या अन्नाला लागणारं सगळं इथे घरचंच आहे. घोळ होतो तो पातेल्यातल्या पाण्याचा.

१०० मिलिलिटर पाण्यात पाचेक ग्रॅम तांदूळ शिजवला, तर त्या पेजेत जेमतेम १८ कॅलरी असतात. तेवढ्याच अंगावरच्या दुधात ६५च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. म्हणजे लिटरभराहून जास्त पेज! एवढुशा पोटात ती मावणार कुठे? ‘पचायला हलकी’ म्हणून मायेने भरवलेली पेज दुधाची भूक तेवढी मारते. चमचा तिरका केल्यावर ओघळून न जाता टिकते, ती लापशी बाळाच्या कामाची.

पण दाट लापशी बाळाला गिळवत नाही. शिजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, गोळा होतो, आणि आई आणखी पाणी ओतते. यावरचा उपाय आपल्या नाचणीतच आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चमचाभर पीठ गरम, दाट लापशीत ढवळलं की पाणी न घालता ती सैल होते. कॅलरी तेवढ्याच राहतात. मग एक उकळी काढायची. वर थोडं तूप घातलं तर फारच छान.

लोहाचं मात्र नाचणीवर भागत नाही. गर्भात साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि दुधात ते थोडंच असतं. तरीही ‘दात येऊ देत, मग मासे’ म्हणून घरोघरी थांबतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. खाडीकाठच्या बाळाने तरी उरलेल्यांत नसावं, असं मला कळकळीने वाटतं. सहा महिने पूर्ण झाले की काटे नीट काढलेला ताजा मासा मऊ भातात कुस्करून द्यावा; त्याने भातातलं लोहही जास्त शोषलं जातं. सुकट खारट असते, ती पहिल्या वर्षात नको.