भंगारातला निळा ड्रम

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला आला, त्यामागोमाग शेकडो छोटे-मोठे कारखाने आले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या वस्त्या कामगारांनी भरून गेल्या. फिटर, वेल्डर, टर्नर यांच्या या गावात "विकत कशाला, घरीच करून टाकू" असं म्हणायला कुणी कचरत नाही. पैसे वाचतात, टाकाऊ वस्तू कामी येते. पण या उद्योगात काही ऐकीव गोष्टीही खपून जातात.

सगळ्यात जास्त खपणारी गोष्ट ड्रमची. "दोनदा साबणानं धुतला की पाण्याला चालतो." जायकवाडी धरण जिल्ह्यातच असूनही इथल्या अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. साठवायचं कशात? भंगारवाल्याकडचा दोनशे लिटरचा निळा ड्रम नव्या टाकीपेक्षा स्वस्त पडतो. त्याचं प्लॅस्टिक गुळगुळीत दिसत असलं, तरी काही तेलं आणि थिनरसारखी द्रावणं त्यात मुरतात आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरतात. साबण वरचं धुतो, मुरलेलं नाही. वास येत नाही, हाही पुरावा नव्हे. तळाशी त्रिकोणात २ आकडा दिसला की लोक निर्धास्त होतात. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, आत काय भरलं होतं ते नाही. ड्रमवर चौकोनी धोक्याचं लेबल किंवा 'यूएन' अशी उठावदार खूण असेल, तर तो घातक माल भरता यावा म्हणून बनवलेला असतो. तो घरात नकोच. आधी त्यात सरबताचा अर्क किंवा खाद्यतेल होतं हे लेबलसकट दिसलं, तरच घ्यावा. "मग झाडांना वापरू" म्हणणाऱ्यांनी त्या झाडांत मेथी-कोथिंबीरही आहे हे आठवावं.

ड्रम चांगला मिळाला तरी दुसरा गैरसमज उभाच: डास गटारात होतात, स्वच्छ पाण्यात नाही. डेंगीच्या डासाला नेमकं साठवलेलं स्वच्छ पाणीच आवडतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा, ड्रम रिकामा करायचा. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि सुकूनही कित्येक महिने तग धरतात. आतून घासावंच लागतं.

कंपन्यांतून निघणाऱ्या लाकडी पॅलेटांचंही असंच. खाट, शेल्फ, मुलांचं टेबल झकास होतं. "लाकूड ते लाकूड" म्हणतात, पण परदेशी मालासोबत फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यातली 'एचटी' अक्षरं म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, ते घ्यावं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घ्यायचं नाही, बंबात जाळायचंही नाही. तेलाचे डाग असलेलं सोडूनच द्या.

आता पाऊस, जो खरोखर फुकट येतो. "आमच्याकडे पाऊसच किती!" वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर. पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावरून गळती-बाष्प सोडून पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी उतरतं. मात्र पन्हाळीखाली एक ड्रम ठेवून काही साधत नाही. पाच-सहा मिलिमीटरची एकच सर त्याला भरते, बाकीचं वाहून जातं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यावं, कारण पत्र्यावर कारखान्यांची धूळ असते. नंतरचं गाळून शोषखड्ड्यात किंवा बोअरजवळ जिरवावं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोवर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहराचा कचरा रस्त्यांवर साचला. तेव्हा घरी खत करायचा विचार अनेकांनी "वास येईल" म्हणून सोडला. वास ओल्या कचऱ्याचा नसतो, हवा न मिळाल्याचा असतो. थरागणिक मूठभर वाळका पाला किंवा भुसा टाका, अधूनमधून खालीवर करा, वास राहत नाही.

आणि पंखा. मंदावला की "मोटर गेली, नवा घ्या" ऐकू येतं. बहुतेकदा कंडेन्सर थकलेला असतो आणि तो शंभर रुपयांच्या आत येतो. मेन स्विच बंद करायचा, जुन्याची टोकं हातानं धरायची नाहीत, कारण त्यात वीज साठलेली असू शकते. त्यावरचा आकडा, बहुधा २.५, दुकानात सांगायचा आणि तोच आणायचा.